घटस्फोट, पोटगी आणि मुलांचा ताबा

आपल्या संस्थेच्या कार्यालयात रविवारी सकाळी कायदेविषयक सल्ला दिला जातो. सल्ला देणारे वकील बंधू दोघे आहेत. मी वकील नव्हे. न्यायालयीन खात्यात कारकून म्हणून लागलो आणि अधीक्षक होऊन निवृत्त झालो, त्यामुळे कोणता अर्ज कोणत्या खिडकीवर द्यायचा आणि कोणता कागद नसला की प्रकरण अडते, एवढे मला कळते. पूर्वी येणाऱ्यांचे प्रश्न जागेचे, नोकरीचे, जातीच्या दाखल्याचे असत. अलीकडे नवरा-बायकोच्या तंट्याचे प्रश्न वाढले आहेत, आणि त्यात लहान मुले असलेली जोडपी पुष्कळ. या विषयावर स्मरणिकेत काही लिहावे असे संपादक मंडळाने सुचविले, म्हणून हा प्रयत्न.

सुरुवात एका कागदापासून करतो. एक भगिनी पदरात गुंडाळून १०० रुपयांचा मुद्रांक घेऊन आल्या. त्यावर दोन्हीकडच्या पाच-पाच मंडळींच्या सह्या, खाली नोटरीचा लाल शिक्का. मजकूर असा की, आम्ही उभयतां राजीखुशीने फारकत घेत आहोत, यापुढे एकमेकांवर हक्क राहिला नाही, मुलगा आईकडे राहील आणि आई पोटगी मागणार नाही. हा कागद होऊन नऊ वर्षे झाली होती. दरम्यान नवऱ्याने दुसरा संसार मांडला, दोन मुले झाली आणि तो नोकरीत असतानाच वारला. आता निवृत्तिवेतन कोणाला, हा प्रश्न होता. दोन्ही बाया कार्यालयात एकाच बाकावर बसून रडत होत्या.

कायद्याच्या दृष्टीने त्या कागदाला काही किंमत नव्हती. पहिले लग्न शेवटपर्यंत कायम होते.

आपल्याला कोणता कायदा लागू आहे

अनेकांचा समज असा की, आपण बौद्ध, तेव्हा हिंदू विवाह कायदा आपल्याला लागू नाही. तो लागू आहे. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या कलम २ मध्ये बौद्ध, जैन आणि शीख यांचा स्पष्ट उल्लेख आहे, आणि कायद्यात जेथे ‘हिंदू’ शब्द येतो तेथे ही सर्व मंडळी धरावीत असेही तेथेच म्हटले आहे. हे कोणाला आवडो न आवडो, आजचा कायदा असा आहे. यातून आणखी एक गोष्ट निघते. धर्मांतर करून हिंदू राहिला नाही हे त्या कायद्यात घटस्फोटाचे कारण आहे, पण पती किंवा पत्नीने बौद्ध धम्म स्वीकारला हे कारण त्यात बसत नाही, कारण त्या कायद्यापुरती ती व्यक्ती बाहेर गेलेलीच नसते. ज्यांनी रजिस्टर पद्धतीने १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली लग्न केले त्यांचा घटस्फोट त्या कायद्याखाली होतो. रीत बरीचशी सारखीच आहे.

घटस्फोटाचा हक्क सहज मिळालेला नाही. मुंबई प्रांताने १९४६ साली द्विभार्या प्रतिबंधाचा आणि १९४७ साली घटस्फोटाचा कायदा केला होता. देशभरासाठी मात्र बाबासाहेबांना हिंदू कोड बिल मांडून लढावे लागले, आणि ते रखडले म्हणून सप्टेंबर १९५१ मध्ये त्यांनी कायदेमंत्रिपदाचा राजीनामा दिला. १९५५ चा कायदा त्या बिलाचाच एक तुकडा होय.

आता फारकतीच्या कागदाविषयी. कलम २९ मध्ये रूढीने चालत आलेला घटस्फोट मान्य ठेवला आहे, आणि गावोगावचे पंच याचाच आधार सांगतात. पण ती रूढी जुनी, अखंड आणि त्या समाजात सर्वमान्य आहे हे न्यायालयात पुराव्याने सिद्ध करावे लागते. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात आपण जुन्या रूढी सोडल्या, आणि साठ-सत्तर वर्षांनी आपलाच माणूस साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा राहून ‘आमच्यात काडीमोडाची जुनी चाल आहे’ असे शपथेवर सांगतो. उलटतपासणीत त्याची काय अवस्था होते हे मी टेबलावरून पाहिलेले आहे.

नुसत्या नोटरीच्या कागदावर दुसरे लग्न केले तर ते कलम ११ प्रमाणे मुळातच रद्द ठरते. शिवाय पहिला जोडीदार हयात असता दुसरे लग्न करणे हा गुन्हा आहे. पूर्वी तो भारतीय दंड संहितेच्या ४९४ कलमाखाली होता, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या ८२ कलमाखाली आहे. सरकारी नोकराची नोकरीही धोक्यात येते. अशा संबंधातून झालेल्या मुलांना मात्र कायदा औरस मानतो. आई-वडिलांच्या मालमत्तेत त्यांचा हक्क आहे, आणि वडिलांच्या वडिलोपार्जित हिश्श्यातही तो पोहोचतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२३ च्या निकालात सांगितले. पण दुसऱ्या स्त्रीला पत्नीचा दर्जा मिळत नाही. बाकावरच्या त्या दुसऱ्या भगिनीचा काही अपराध नव्हता. तिला कागद दाखवला होता, तिने त्यावर विश्वास ठेवला.

संमतीचा मार्ग

दोघांनाही वेगळे व्हायचे असेल तर कलम १३-ब हा मार्ग सर्वांत कमी त्रासाचा. अट अशी की, अर्जापूर्वी निदान एक वर्ष दोघे विभक्त राहिलेले असावेत आणि विवाह संपवावा असे दोघांनी ठरवलेले असावे. येथे मुंबईकर मंडळी विचारतात, ‘साहेब, दहा बाय बाराची खोली, दुसरी जागा कुठून आणू? एकाच छपराखाली राहतो, पण बोलणे बंद.’ विभक्त राहणे म्हणजे पती-पत्नी म्हणून न राहणे, घर एक असले तरी हे होऊ शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ सालीच स्पष्ट केले आहे. मात्र हे अर्जात आणि प्रतिज्ञापत्रात नीट लिहावे.

अर्ज दाखल झाल्यावर कायद्याने सहा महिने थांबायचे. पुन्हा दोघांनी येऊन ‘आमची संमती कायम आहे’ असे सांगायचे, आणि हे १८ महिन्यांच्या आत. मधल्या काळात कोणीही एकाने संमती काढून घेतली तर अर्ज तेथेच संपतो. ही सहा महिन्यांची अट सक्तीची नाही, न्यायालय ती माफ करू शकते, असा निकाल १२ सप्टेंबर २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिला. पण त्यासाठी पहिल्या अर्जापूर्वीच दीड वर्ष विभक्त राहणे, समेटाचे सर्व प्रयत्न फसलेले असणे आणि पोटगी व मुलांचा प्रश्न खरोखर मिटलेला असणे, हे दाखवावे लागते. माफी मिळेल असे गृहीत धरून कोणी दुसऱ्या लग्नाची सुपारी फोडू नये.

लग्नाला एक वर्ष झालेले नसताना साधारणपणे घटस्फोटाचा अर्जच चालत नाही, अपवाद फार थोडे.

एकाला हवा आणि दुसऱ्याला नको, असे असेल तर कलम १३ ची कारणे सिद्ध करावी लागतात. क्रूरता, व्यभिचार, निदान दोन वर्षे टाकून देणे, बरा न होणारा गंभीर मानसिक आजार वगैरे. कुष्ठरोग हे कारण पूर्वी होते, ते २०१९ साली काढून टाकले, हे फार बरे झाले. ‘आमचे आता जमणे शक्य नाही’ एवढ्यावरून कौटुंबिक न्यायालय घटस्फोट देत नाही. १ मे २०२३ च्या निकालाने ‘पार मोडलेल्या विवाहा’चा घटस्फोट देण्याचा अधिकार मान्य झाला, पण तो फक्त सर्वोच्च न्यायालयाला, राज्यघटनेच्या १४२ व्या अनुच्छेदाखाली. वर्तमानपत्रात ती बातमी वाचून बरेच जण आमच्याकडे धावत आले होते.

नवऱ्याकडून पुष्कळदा पहिली चाल येते ती कलम ९ ची, म्हणजे नांदावयास येण्याच्या अर्जाची. तो आला म्हणून घाबरू नये. कोर्ट कोणाला हाताला धरून सासरी पोहोचवत नाही. असा हुकूमनामा नवऱ्याने मिळवला आणि बायको नांदायला गेली नाही, तर तिची पोटगी आपोआप बुडते असेही नाही. नांदायला न जाण्यास पुरेसे कारण होते का, हे न्यायालयाने पाहायचे असते, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये सांगितले. अर्जाला उत्तर मात्र दिलेच पाहिजे. समन्स न घेणे, बेलीफ आला की मागच्या दाराने निघून जाणे, यात शहाणपण नाही. एकतर्फी निकाल लागतो आणि तो फिरवण्यात दुप्पट पैसा जातो.

कोर्टात काय घडते

कौटुंबिक न्यायालयांचा कायदा १९८४ चा. महाराष्ट्रात पुणे आणि मुंबई येथे ही न्यायालये १९८९ साली सुरू झाली. मुंबईचे न्यायालय वांद्रे-कुर्ला संकुलात आहे. जेथे कौटुंबिक न्यायालय नाही तेथे दिवाणी न्यायालयात अर्ज द्यावा लागतो. लग्न झाले ते ठिकाण, शेवटचे एकत्र राहिले ते ठिकाण, किंवा ज्याच्याविरुद्ध अर्ज आहे तो राहतो ते ठिकाण, यांपैकी कोठेही अर्ज करता येतो. २००३ सालच्या दुरुस्तीने पत्नीला ती सध्या राहते तेथेही अर्ज करण्याची सोय झाली. माहेरी चिपळूणला राहणाऱ्या मुलीने तारखेसाठी दर वेळी मुंबई गाठण्याचे कारण नाही.

अर्ज दाखल झाला की प्रकरण आधी विवाह समुपदेशकाकडे जाते. समेट होतो का पाहणे हे न्यायालयाचे कर्तव्यच आहे. समुपदेशकाच्या खोलीत मने मोकळी करावीत, तेथे वकिली भाषणे करू नयेत. सुनावणी बंद दाराआड व्हावी अशी मागणी पक्षकार करू शकतो. या न्यायालयात वकील देण्याचा हक्क म्हणून आग्रह धरता येत नाही, परवानगी घ्यावी लागते. ती सहसा मिळते.

वकिलाच्या फीचा धसका घेऊन कित्येक स्त्रिया वर्षानुवर्षे काहीच करत नाहीत. १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा नोव्हेंबर १९९५ पासून अमलात आहे. त्याच्या कलम १२ प्रमाणे स्त्रिया, मुले आणि अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. म्हणजे आपल्यातील ज्यांच्याकडे अनुसूचित जातीचा दाखला आहे त्या पुरुषांनाही मिळतो, हे पुरुषांना ठाऊक नसते. जिल्हा आणि तालुका न्यायालयाच्या आवारातच त्यांचे कार्यालय असते, साध्या कागदावर अर्ज चालतो. शिवाय पोटगी, घटस्फोट वगैरे प्रकरणांत स्त्रियांना कोर्ट फी माफ करण्याची अधिसूचना महाराष्ट्र शासनाने १९९४ सालीच काढलेली आहे. फी मागितली तर तिचा उल्लेख करावा.

लग्नाचा पुरावा हा आपल्याकडचा नेहमीचा अडथळा. सप्तपदी झाली नाही म्हणून बौद्ध पद्धतीचे लग्न कमी दर्जाचे ठरत नाही. त्या समाजात रूढ असलेल्या विधीने झाले म्हणजे पुरे. पण ते झाले हे दाखवावे लागते. लग्नपत्रिका, फोटो, विधी लावणाऱ्या बौद्धाचार्यांचा दाखला आणि नोंदणीचे प्रमाणपत्र जपून ठेवावे. नोंदणी अजूनही केली नसेल तर भांडण नसतानाच करावी. भांडण सुरू झाल्यावर नोंदणीच्या सहीला कोणी येत नाही.

पोटगी

पोटगीचे दरवाजे एकाहून अधिक आहेत. हिंदू विवाह कायद्याचे कलम २४ दावा चालू असतानाच्या खर्चासाठी आहे, आणि ते ज्याला उत्पन्न नाही अशा नवऱ्यालाही उपलब्ध आहे. कलम २५ कायमच्या पोटगीचे. घटस्फोटाचा दावा नसला तरी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १२५ कलमाखाली अर्ज करता येत असे. १ जुलै २०२४ पासून तेच कलम भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत १४४ क्रमांकाने आले आहे. मूळ १२५ मध्ये महिना ५०० रुपयांची कमाल मर्यादा होती, ती २००१ साली काढून टाकली. आजही काही वडीलधारी मंडळी तो जुना आकडा सांगून मुलीकडच्यांना गप्प करतात, म्हणून लिहिले. मारहाण, छळ, घराबाहेर काढणे असे असेल तर २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा आहे, त्यात राहत्या घरात राहण्याचा हक्क, खर्च आणि मुलांचा तात्पुरता ताबाही मागता येतो. घर सासऱ्याच्या नावावर आहे एवढ्यावरून सुनेचा तो हक्क जात नाही, हे २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले.

दोन-तीन ठिकाणी अर्ज केले तर ते लपवू नयेत. ४ नोव्हेंबर २०२० च्या निकालाने दोन्ही बाजूंनी उत्पन्न, मालमत्ता, कर्ज आणि खर्च यांचे ठरावीक नमुन्यातले प्रतिज्ञापत्र देणे बंधनकारक झाले. आधी मिळालेल्या पोटगीची माहितीही द्यावी लागते. त्याच निकालाप्रमाणे पोटगी अर्जाच्या तारखेपासून मिळते, निकालाच्या तारखेपासून नव्हे. म्हणून ‘तो सुधारेल’ म्हणून थांबायचे असेल तर थांबा, पण थांबलेल्या महिन्यांची पोटगी मिळत नाही हे लक्षात ठेवून थांबा.

हे प्रतिज्ञापत्र भरताना दोन्ही बाजू खोटे लिहितात असा माझा अनुभव. नवरा पगार कमी दाखवतो, बायको शिवणकाम-शिकवणीचे पैसे दाखवत नाही. बँकेचे उतारे आणि पगारपत्रक मागवल्यावर ते उघडे पडते, आणि मग खऱ्या गोष्टीवरही न्यायाधीशांचा विश्वास बसत नाही.

मुलांची पोटगी ही मुलांची आहे. आईने ‘मी काही मागणार नाही’ असे लिहून दिले तरी मुलाचा हक्क बुडत नाही. त्या भगिनीच्या मुद्रांकावरचे ते वाक्य म्हणून निरर्थक होते. तिने नऊ वर्षांत केव्हाही मुलासाठी अर्ज केला असता तरी तो चालला असता.

हुकूम झाला आणि पैसे आले नाहीत तर वसुलीचा अर्ज करावा लागतो. तो रक्कम देय झाल्यापासून एका वर्षात करावा, त्याहून जुनी थकबाकी फौजदारी मार्गाने वसूल होणे कठीण. बाराव्या महिन्याची वाट पाहू नये, चार-सहा महिन्यांनी एकेक अर्ज टाकावा. वॉरंट निघते, थकलेल्या प्रत्येक महिन्याबद्दल एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते, पगारावर जप्ती येऊ शकते. कैद भोगली म्हणून थकबाकी फिटली असे होत नाही, हे १९८९ सालापासून ठरलेले आहे. नोकरी गेली, आजारपण आले, तर रक्कम कमी करून मागण्याचा अर्ज नवऱ्याने वेळेवर करावा. नुसते देणे बंद केले तर थकबाकी चढत राहते.

मुले कोणाकडे

या विषयावर दोन्हीकडे चुकीच्या समजुती आहेत. बायकांना वाटते, मूल आईचेच. पुरुषांना वाटते, नाव आपले लागते तेव्हा मूल आपले. १९५६ च्या अज्ञान पालकत्व कायद्यात पाच वर्षांखालील मूल सामान्यतः आईकडे असावे असे म्हटले आहे, आणि वडिलांना नैसर्गिक पालक म्हणून आधी धरून ‘त्यांच्यानंतर’ आई असे शब्द आहेत. त्या ‘नंतर’चा अर्थ वडील वारल्यानंतर असा नसून वडील मुलाकडे लक्ष देत नसतील तेव्हाही आई पालक होय, असा निकाल १९९९ साली सर्वोच्च न्यायालयाने दिला. ताबा ठरवताना मात्र आई-बापांच्या हक्कापेक्षा मुलाचे हित वरचे, हे कलम १३ मध्येच लिहिलेले आहे. मुलाची शाळा कोठे, आजारपणात रात्री जागे कोण राहते, घरात दारू आहे का, आजी आहे का, मूल कोणाजवळ निवांत दिसते, असे प्रश्न निघतात. पगार ज्याचा मोठा त्याला ताबा, असे होत नाही. पगारवाल्याने खर्च द्यायचा आणि मूल दुसऱ्याने वाढवायचे, असे सर्रास होते. समजत्या वयाच्या मुलाला न्यायाधीश आपल्या दालनात बोलावून विचारतात. तेथे जाण्यापूर्वी मुलाला पढवू नये. पढवलेले मूल लगेच ओळखू येते, कारण ते मोठ्या माणसांचे शब्द वापरते.

एक गृहस्थ सांगत होते, ‘पोटगी भरतो, पण पोराचे तोंड सहा महिने दाखवले नाही. मग मी पैसे बंद केले.’ दुसऱ्याच आठवड्यात एक भगिनी सांगत होत्या, ‘पैसे देत नाही, मग मी पोराला भेटू कशाला देऊ?’ ही दोन वेगवेगळ्या घरांची माणसे होती, पण चूक एकच. पोटगी आणि भेट यांचा एकमेकांशी सौदा नसतो. भेट नाकारली तर भेटीचा अर्ज करावा, पैसे थकले तर वसुलीचा. ज्याच्याकडे ताबा नाही त्याच्याशीही मुलाचा संबंध टिकावा, प्रत्यक्ष भेट शक्य नसेल तेथे फोन आणि व्हिडिओवर तरी, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० च्या निकालात म्हटले आहे. ताब्याचा हुकूम दगडावरची रेघ नसतो, परिस्थिती बदलली तर तो बदलून मागता येतो. शाळेच्या फाटकातून मूल उचलून नेणाऱ्याची बाजू मात्र पुढच्या तारखेला पडलेली असते.

संमतीच्या अटी लिहिताना ‘वडील सोयीनुसार भेटतील’ असे वाक्य घालू नये. कोणाच्या सोयीनुसार? भांडणाचे मूळ त्या एका शब्दात असते. कोणता वार, किती वाजता, कोणत्या ठिकाणी, आणायचे कोणी आणि पोहोचवायचे कोणी, हे लिहावे. दिवाळीच्या आणि मे महिन्याच्या सुट्टीचे दिवस वाटून घ्यावेत. आपल्याकडे १४ एप्रिल, बुद्धपौर्णिमा आणि दसऱ्याचा धम्मचक्र प्रवर्तन दिन यांचेही लिहून ठेवावे. एका प्रकरणात सगळे मिटले होते, आणि जयंतीच्या मिरवणुकीला मुलगी कोणाबरोबर जाणार यावरून पोलीस चौकीपर्यंत प्रकरण गेले. नंतर अटीत एक ओळ वाढवली, एक वर्ष आईकडे, एक वर्ष वडिलांकडे. तेव्हापासून तक्रार नाही. शाळेची फी दरवर्षी वाढते, दहावीनंतर क्लासची फी येते, त्याचा वाटाही आकड्यात किंवा टक्क्यात लिहावा.

ज्या कागदाची कोणाला आठवण होत नाही

हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. मूल दहावी-बारावीपर्यंत पोहोचते, आणि जातीचा दाखला व त्याची पडताळणी समोर उभी राहते. त्यासाठी बहुधा वडिलांचे, आजोबांचे, चुलत्यांचे शाळा सोडल्याचे दाखले लागतात. अनुसूचित जाती आणि नवबौद्धांसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावाही मागतात. १९९० साली बौद्धांना अनुसूचित जातींच्या यादीतील सवलती मिळाल्या, त्या या कागदांच्या जोरावर हातात पडतात. विभक्त झालेल्या आईकडे हे कागद नसतात, सासरच्या ट्रंकेत असतात, आणि तोवर सासरशी बोलणे नसते. प्रवेशाची मुदत जवळ आलेली असते आणि मुलगी रडत असते, हे मी एकदा नव्हे, अनेकदा पाहिले.

आईच्या बाजूने दाखला मिळूच शकत नाही असे नाही. आंतरजातीय विवाहातील मुलाची जात केवळ बापावरून ठरत नाही, मूल कोणत्या वातावरणात वाढले हे पाहिले पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली सांगितले. पण तो पुरावा देण्याचा लांबचा रस्ता आहे. सोपा रस्ता असा की, संमतीच्या अटींवर सह्या होण्यापूर्वीच वडिलांचे जातप्रमाणपत्र, पडताळणी झाली असल्यास वैधता प्रमाणपत्र, वडील व आजोबांचे शाळेचे दाखले यांच्या साक्षांकित प्रती मागून घ्याव्यात, आणि पुढे मूळ कागद दाखवण्याची जबाबदारी वडिलांवर राहील अशी एक अट घालावी. बापाला यात खर्च काहीच नाही. सांगितले की बहुतेक जण देतात, त्यांचेही ते लेकरूच असते. गावाकडच्या शाळेतून आजोबांच्या दाखल्याची प्रत आईला स्वतःही मागता येते, फक्त गाव, शाळा आणि साधारण साल माहीत पाहिजे. तेवढे तरी एखाद्या वहीत लिहून ठेवावे.

शाळेतले नाव, पासपोर्ट यांचा पूर्वीइतका त्रास राहिलेला नाही. डिसेंबर २०१६ पासून पासपोर्टच्या अर्जात आई किंवा वडील यांपैकी एकाचेच नाव दिले तरी चालते. महाराष्ट्रात १ मे २०२४ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आईचे नाव मुलाच्या नावापुढे लावणे आवश्यक केले आहे.

निकालानंतर हुकूमनाम्याच्या निदान चार प्रमाणित प्रती घ्याव्यात, नंतर नक्कल विभागात पुन्हा रांग लावणे नको. अपिलाची मुदत ९० दिवसांची आहे, ती संपेपर्यंत किंवा अपिलाचा निकाल लागेपर्यंत दुसरे लग्न ठरवू नये. शिधापत्रिका, आधार आणि बँक यांत बदल करून घ्यावा. विमा, भविष्य निर्वाह निधी, सोसायटीचा भाग, कामगार पतपेढी यांवरचे नॉमिनेशन घटस्फोटाने आपोआप बदलते असे समजू नये, प्रत्येक ठिकाणी वेगळा फॉर्म भरावा लागतो. नॉमिनी म्हणून अज्ञान मुलाचे नाव घालताना त्याच्या वतीने रक्कम कोणी स्वीकारायची, त्याचेही नाव तेथे लिहायचे असते. तो रकाना बहुतेक जण कोरा सोडतात.